रिकाम्या जागेसकट

काय काय घ्यायचं, मी विचारलं.
श्रेणिक म्हणाला, "मामा, तेच विचारायचं नाही.
इमेज म्हणजे अख्खं घर उचलायचं,
केरसुणीसकट."
आणि त्यानं वायर खुपसली, न बघता,
कुपवाडच्या कारखान्यात खुपसतो तशी.

एप्रिलचा रविवार. कृष्णा घाटाच्या खूप खाली,
गाळ वाळून भेगाळलेला,
आयर्विनच्या खांबावरचे फुटांचे आकडे
कोरडे, कुणी वाचत नाही असे.
आज बरा पूर आठवला, ही म्हणाली
आणि शेंगा भाजायला गेली.

एकोणीस साली आम्ही निवडलं होतं.
पाणी सत्तावन्न फुटांवर जाईल, कुणाला ठाऊक?
हळदीच्या पेढीवर तीस वर्षं दिवाणजी होतो,
मी यादी केली, क्रमांक घालून:
पासबुकं, गॅसचं कार्ड, शिलाई मशीन,
शेठजींच्या चोपड्या (परक्याच्या, म्हणून आधी),
कॉम्प्युटर.
कॉम्प्युटर म्हणून माडीवर नेला तो पडदा,
टॉवेलात गुंडाळून, पोटाशी धरून.
डबा राहिला टेबलाखाली.
आठव्या दिवशी उघडला
तर पंख्याला गोगलगाय चिकटलेली.

अडीच तास, असं आलं. मग चार.
मग एक तास पन्नास.
त्यालाही ताळा जमेना, बरं वाटलं.

निळी पट्टी सरकत राहिली.
तिच्यातून जात होतं, मला न विचारता:
टॅलीची सात वर्षं,
श्रुतिकाचा बायोडाटा, फायनल, फायनल दोन, फायनल खरा
(उंची प्रत्येकात इंचभर वेगळी),
नुकसानभरपाईचा अर्ज, तिसऱ्या वाक्यावर सोडलेला,
पत्त्यांचा अर्धा डाव,
नवीन फोल्डर, त्यात नवीन फोल्डर.

"आणि ही रिकामी जागा? तीही?"
"ती रिकामी नसते, मामा.
पुसलं म्हणजे नुसती पाटी काढली.
माल गोदामातच."

मी काही बोललो नाही.
दोन वर्षांमागं एका रात्री थोरल्या भावाला
पत्र लिहिलं होतं, वाटणीबद्दल.
सकाळी पुसलं होतं.
म्हणजे तेही निघालं होतं आता वायरीतून,
बिनपाटीचं.

हरिपूरला पेवं होती तेव्हा
हळद अशीच ओतायचे,
तोंड मातीनं लिंपून
वर गवत उगवू द्यायचे.
उघडायच्या दिवशी, माणूस उतरायच्या आधी,
दोरानं कंदील सोडायचे आत.
विझला तर थांबायचं.
हे मी श्रेणिकला सांगत होतो. त्याचं लक्ष नव्हतं,
पण शंभर टक्के झाल्यावर त्यानं
आणखी एक बटण दाबलं, व्हेरिफाय,
आणि पुन्हा एक पट्टी खाली उतरू लागली.
हळू.
आम्ही दोघं शेंगा सोलत बघत राहिलो.
विझली नाही.

सोमवारी जतची एसटी.
मिरज, कवठेमहांकाळ, मग नुसतं ऊन.
डिस्क पिशवीत, भडंगाच्या पुड्याखाली.
जिल्हा एकच;
आमच्यात माडीपर्यंत नदी येते,
ताईच्या गल्लीत चौथ्या दिवशी टँकर.
म्हणूनच तर.

नेमगोंडा दाजींनी डिस्क हातावर तोलली.
"काय हाय ह्यात?"
सांगितलं. हिशेब, अर्ज, बायोडाटा,
आणि बरीचशी मोकळी जागा.
"मग हितंच ऱ्हाऊ दे," दाजी म्हणाले,
दाराबाहेरच्या माळाकडं हनुवटी करत,
"आमच्यातबी तीच लई हाय."

ट्रंकेत ठेवली त्यांनी, लग्नातल्या फेट्याखाली.
कुलूप लावत होते तेवढ्यात हॉर्न वाजला
आणि सगळ्यांबरोबर
मीही एक घागर उचलली.