सावकाश हात

बोट धक्क्यावरून सुटली की एइलर्ट
एकेका बाकापाशी थांबत पुढं सरकतो.
हातात आमचं यंत्र, विटेएवढं आणि विटेसारखंच जड.
खाचेतून पास ओढायचा, टुक्, हिरवा दिवा.
मी मागं बसून वहीत लिहिते
हिरवा हिरवा हिरवा हिरवा
लाल.

लाल म्हणजे बोर्गहिल्ड.
शेवटच्या बेटावर राहते, मंगळवारी दवाखान्यात जाते.
बोटं संधिवातानं मुळ्यांसारखी वळलेली.
काठोकाठ भरलेली दुधाची वाटी न्यावी
तसा पास नेते खाचेतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
लाल.
"जरा झटकन," एइलर्ट म्हणतो, आणि म्हणताना ओशाळतो.
ती पुन्हा ओढते. तितकीच सावकाश.
झटकन तिच्याकडं राहिलेलंच नाही.

दोष तिचा नाही.
हेड मी केलंय. नखाएवढं, निकेल आणि लोखंडाचं,
पाठीवर केसाहून बारीक तारेचे आठशे वेढे,
समोर एक फट, भिंगाखालीच दिसणारी.
लोखंड संपतं आणि पुन्हा सुरू होतं
तेवढ्यात सगळं वाचून होतं.
पण त्याला कळतो तो फक्त बदल.
चुंबक समोरून धावलं तर ते जागं,
रेंगाळलं तर पेंगतं,
थांबलं तर त्याच्या लेखी जगात काही नाहीच.
बोर्गहिल्डचं नाव, तिचं बेट, पासाची मुदत,
पट्टीवर सगळं जागच्या जागी आहे
आणि इंजिनाच्या घरघरीखाली बुडतंय.

हिवाळाभर शेडमध्ये दिवे दुपारी दोनलाच लागत.
वेढे वाढवले. आवाज वाढला, घरघरही वाढली.
फट रुंद केली. अक्षरं एकमेकांत मिसळली.
स्प्रिंग मऊ केली, हेड पासावर छान टेकलं,
पण समुद्राच्या मिठानं महिन्याभरात
त्याचा चेहरा खरवडून टाकला.
स्टाइनार म्हणाला, "डोकं बदल.
यंत्राचं म्हणतोय," आणि कॉफी सांडेपर्यंत हसला.

बदललं.
आता वेढे नाहीत.
काचेवर धातूचा एक पापुद्रा, त्यातून थेंबभर वीज.
जवळ चुंबक आलं की विजेची वाट किंचित अवघड होते,
चुंबक पळत असो, चालत असो,
की दारात उभं असो.
वर सिरॅमिकचा मुलामा, मिठासाठी.
एवढंच. पेटंटवाल्यांना यात नवं काही दिसलं नाही.

मे महिन्यातला मंगळवार. डोंगरांवर अजून बर्फ.
बोर्गहिल्ड पास खाचेत घालते, ओढू लागते,
आणि अर्ध्यात थांबते.
काचेपलीकडं खडकावर बदकं उतरताहेत,
ती मोजते. ओठ हलतात तिचे.
एइलर्ट मुद्दाम दुसरीकडं बघतो.
माझी पेन्सिल हवेत.
सात असावीत, किंवा आठ.
मग हात उरलेली वाट चालतो.
टुक्.

"आज बरं ऐकलं यानं," ती म्हणते
आणि पास पाकिटात ठेवायला
पुढचा धक्का येईपर्यंत वेळ घेते.
मी वहीत लिहिते, वाचन बरोबर.
वेग, मध्यभागी, शून्य.

त्या दिवशी लाल दिवा एकदाच लागला.
शाळेच्या दप्तराचा एक पोरगा,
पास आठवडाभर टेप रेकॉर्डरच्या स्पीकरवर पडलेला,
पट्टी पूर्ण पुसलेली.
त्यानं चार वेळा ओढला, चारही वेळा झटकन.
मग मी घेतला, हळूहळू ओढला,
ओढताना थांबलेसुद्धा.
एइलर्टनं त्याला तसंच बसू दिलं.