छाट

आवक क्रमांक चार हजार एकशे सतरा.
अर्जदार पोशम्मा राजलिंगम म्याकल, वय एकसष्ट,
धंदा विडीकाम, राहणार विडी घरकुल.
विषय: माझ्या मुलाच्या कानाबाबत.

विषय असा लिहायचा नसतो.
मी समासात लाल पेनाने दुरुस्त केला,
'पोलीस अंमलदाराविरुद्ध तक्रार',
आणि शिक्का मारला. एप्रिलात
शाईची गादी तासातासाला वाळते,
माठातलं पाणी शिंपडावं लागतं तिच्यावर.

अर्ज दीड पानी.
श्रीहरी टॉवेलच्या कारखान्यातून रात्रपाळी करून निघालेला.
चौकात सायकल अडवली, नाव विचारलं.
बारा तास मागांपुढे उभा राहिलेला माणूस
पहिल्यांदा कुणी काही विचारलं तर
'काय?' म्हणतो.
त्या 'काय'वरून
कानाखाली एक. मग आणखी दोन.

अर्ज जिन्याने वर गेला.
वर त्याला हिरव्या शाईची एक ओळ मिळाली:
नियमानुसार चौकशी करून अहवाल सादर करावा.
मग तो उतरू लागला,
एकेका टेबलावर एकेक सही घेत,
उतरत उतरत पोचला त्याच ठाण्यात
जिथे टायपिंग येणारा अंमलदार एकच.
बाकी तुम्ही समजा.

दर मंगळवारी ब्रँचला माल टाकून
पोशम्मा माझ्या खिडकीशी यायची.
बोटांना तंबाखूचा वास, अंगठ्याचं नख
पाला दुमडून दुमडून झिजलेलं.
'काय लिवलालाव बाई?'
'तुमचंच.'
'कुटवर आलं?'
मी सांगायची, कार्यवाही सुरू आहे.

एकदा तिने विचारलं,
'आमच्या ब्रँचात चेकर बसतोय.
कट्टा उचलतोय, दाबून बघतोय,
ढिली इडी, फाटकी इडी बाजूला फेकतोय.
छाट म्हंतात त्याला.
माझ्या डोळ्यापुढं काढतोय, माझ्याच मजुरीतनं कापतोय.
तुमच्यात छाट कोण काढतंय, बाई?'

मागे रांग होती. चारित्र्य पडताळणीवाले, पासपोर्टवाले.
मी म्हटलं, पुढच्या मंगळवारी या.

अहवाल पावसाळ्यात आला.
जबाबात ती म्हणत होती
की तिची आता कुणाविरुद्ध काही तक्रार नाही,
हा जबाब तिच्या सांगण्याप्रमाणे टंकलिखित केला,
तिला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.
खाली अंगठा. झिजलेला, रेषा न उमटणारा.
आणि शेवटी एक वाक्य:
कानातील दोष यंत्रमागाच्या आवाजामुळे
निर्माण झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.
सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यास विनंती.

दप्तरी दाखल.
दप्तर म्हणजे तळघर. तिथे ठेवायला मीच उतरले.
चौऱ्याण्णवची बारनिशी कपाटावरून सरकून
माझ्या पायाशी उघडी पडली.
तक्रारदार एक बांगडीवाला, साखर पेठेतला.
शेरा तोच, हिरवी शाई तपकिरी झालेली.
ज्याच्याविरुद्ध, त्याचा बक्कल नंबर आठशे बावन्न.

तो मला पाठ आहे.
पितळेचा होता. दर रविवारी ओसरीत बसून
चिंचेने घासायचे मी, नऊ वर्षांची,
चेहरा दिसेपर्यंत.
अनुकंपावर लागले तेव्हा
नेमणूकपत्रातही तोच नंबर होता.

मी रजिस्टर मिटलं नाही लगेच.
बांगड्यांचं काय झालं होतं, ते
दुसऱ्या ओळीत असेल म्हणून शोधलं.
तिथे कसरीने खाल्लेलं.

मंगळवारी तिला उत्तर वाचून दाखवलं.
तिने ते उभं दुमडलं, मग आडवं,
पाला दुमडावा तसं, इतकं बारीक
की दोऱ्याचीच वाट बघत होतं.
'तक्रार न्हाई म्हणून मी कदी म्हटलो?'

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला नाही.
कोरा कागद घेतला. पुण्याला तक्रार प्राधिकरण असतं,
हे मला बावीस वर्षांपासून माहीत आहे.
अक्षर ओळखतील, ओळखू देत.
ती सांगत गेली, मी लिहीत गेले,
मध्ये मध्ये ती तेलुगूत मुलाशी बोलायची,
तो डावा कान पुढे करायचा.

विषय विचारला तिने,
'काय लिवलाव?'
वाचून दाखवला:
माझ्या मुलाच्या कानाबाबत.