सहावं घर

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर
प्रल्हाद तेलगोटेनं सतरा घरं काढली,
तालुक्यावरून आलेल्या कागदाबरहुकूम,
दर घराचा रंग वेगळा.
नववं आणि अकरावं मात्र एकाच डब्यातून निघालं.
रंग कमी पडला होता, बिल पूर्ण लागलं.
वर लिहिलं : शाश्वत विकास, सन २०३०.
त्यातला ‘श्व’ त्याला तीनदा पुसावा लागला.

मी आत.
संगणक परिचालक, करार अकरा महिन्यांचा,
मानधन दिवाळीपासून येणं बाकी.
समोर गावाचा फॉर्म, एकशे चव्वेचाळीस रकाने.

बाळंतपणात दगावलेल्या स्त्रिया : शून्य.
नऊ वर्षं सलग शून्य.
माझी मोठी काकू या रकान्यात बसली असती.
तेव्हा रकाना नव्हता,
बैलबंडी होती, आणि पूर्णेला पूर.
आता आशाताई ढोकेला गाडीवाल्याचा नंबर पाठ आहे,
रात्री दोनला लावला तरी तो शिव्या देत देत येतो.
पण येतो.
हे शून्य मी दोनदा टाइप करते.
सिस्टीम म्हणते, एकच पुरे.

बारावीत शिकणाऱ्या मुली : एकोणीस.
एकीचा, गवईंच्या आम्रपालीचा, फॉर्म मीच भरला होता,
फोटोत तिनं हसू दाबलंय ते अजून दिसतं.

शौचालय : शंभर टक्के.
(एकात सोपान वानखडेचं कडबाकुट्टीचं मशीन आहे.
तो म्हणतो, मशीन काढलं की शंभर. लिहून टाक.)

घरगुती नळजोडणी : आहे / नाही.
आहे. दोनशे बारा घरांना आहे.
निळा पाइप, चकचकीत तोटी,
तोटीला लिंबू-मिरची सुद्धा बांधलीय कुणी कुणी.
पाणी बाराव्या दिवशी.
मधले अकरा दिवस हातपंप,
आणि त्याचं पाणी असं, की डाळ शिजता शिजत नाही,
साबण नुसता हातातून निसटतो,
चहा फाटतो.
पाहुणा पहिला घोट घेऊन आपल्याकडे पाहतो.
आपण भिंतीकडे.

किती दिवसांनी येतं, असा रकाना नाही.
देवकाबाई खिडकीचे गज धरून विचारते,
“नळ हाये म्हून लिवलं न वं? मंग पानी कुठी लिवतं?”
“आजी, तेवढीच जागा आहे.”
“अवो बाप्पा,
येवढी मोठी भीत रंगवली, अन् जागाच नाही?”

दिवाळीनंतर भिंत फुगली.
सगळ्यात आधी सहावं घर. निळं. पाण्याचं.
पांढरा लोणा बाहेर आला, रंगाचे पापुद्रे सुटले,
पोरं नखांनी ते सोलत बसली शाळा सुटल्यावर.
गिलाव्यात गावचंच पाणी कालवलेलं,
ते आता भिंतीतून परत यायला लागलं होतं.

गटविकास अधिकारी बुधवारी येणार म्हणून
प्रल्हादला पुन्हा बोलावलं.
त्यानं पत्र्यानं खरवडलं,
बोटावर घेऊन जिभेला लावलं,
म्हणाला, “आपलंच हाये.”

फॉर्मच्या शेवटी शेरा. मर्यादा पन्नास अक्षरं.
सहा महिने मी तिथं ‘निरंक’ लिहीत आले.
त्या दिवशी लिहिलं :
नळ आहे. कोणत्याही दिवशी या. चहा ठेवते.
हिरवी खूण उमटली. जतन झाले.
कुणी वाचलं असेल का, कळायला मार्ग नाही.
वाचलं तर दूध आणावं लागेल, आणि ते फाटेल.

प्रल्हाद दारात उभा, हातात निळ्याचा डबा.
“ताई, कालवाले पानी द्या थोडं.”
मी बाहेरच्या पंपाकडे बोट केलं.
“इथलं नको,” म्हणाला, “पुन्हा सुटन.”

माझ्याकडे कॅनच्या पाण्याची बाटली होती, दिवसभराची.
अर्धी त्याला दिली.