पासंग

पवनीच्या बाजारात बकाराम मामा तराजू दुरुस्त करायचा.
वजनाच्या बुडाला भोक असतं,
त्यात शिसं ओतून किलोला किलो करायचं.
जास्त झालं तर कानस,
कमी पडलं तर पुन्हा शेगडी.

मी सुट्टीवर गेले तेव्हा
आमची दुर्बीण वर जाऊन एकोणीस दिवस झाले होते.
"तुह्या आरशात तोंड दिसते काय व?"
नाही मामा. क्ष-किरण समोरून आला
तर आरशात रुतून बसतो, बांधीतल्या चिखलात खडा रुततो तसा.
त्याला तिरपं घ्यावं लागतं, एका अंशाहून तिरपं,
घासून जाईल इतकं.

मामा उठला. चपला न घालताच
मला तलावाच्या पाळीवर घेऊन गेला.
ढिवरांची पोरं फुटक्या कवेलूच्या चकत्या
पाण्यावर मारत होती.
टप, टप, टप, आणि मग बुडुक.
"असा?"
असाच.

मग मी सांगत सुटले.
घासून जाणारे किरण एका आरशाला थोडेच सापडतात,
म्हणून आरशात आरसा, त्यात आरसा,
भंडाऱ्याच्या तांबटाकडे एकात एक बसवलेले गुंड असतात ना,
तसे, फक्त बुड नसलेले.
वर सोन्याचा लेप, आणि लेपावर
दोन-चार अणूंचा उंचवटा राहिला तरी
तारा पिठासारखा सांडतो.
वर्षभर मी तोंडाला फडकं बांधून काम केलं,
शिंक आली की धावत बाहेर.

"अन् बरोबर हाये हे कोन सांगते?"

हा प्रश्न मला परीक्षेत कोणी विचारला नव्हता.
लोखंडाची एक चिमूट असते, मामा,
हळूहळू मँगनीज होत जाणारी.
होता होता ती क्ष-किरण सोडते,
ठरलेल्या ऊर्जेचे, एकसारखे.
पावणेतीन वर्षांत चिमूट निम्मी होते,
तरी प्रत्येक किरण पहिल्याइतकाच भरतो.
मूठ आटत जाते, दाणा तेवढाच राहतो.
तिच्यावरून आम्ही काट्याच्या खुणा मारतो.

"अन् वर गेल्यावर?"
वर एक फुटलेला तारा आहे, खेकडा म्हणतात त्याला.
साऱ्या देशांच्या दुर्बिणी त्याच्याकडे वळायच्या,
तो एवढा दिसला पाहिजे म्हणजे काटा ठीक.
"खेकडा!" मामा हसला, विडी विझेपर्यंत हसला.
"तिरप्या आरशाले तिरपा चालनारा गुरू."

मी हसले नाही. तेवढंच तर सांगायचं राहिलं होतं.
काही वर्षांपूर्वी तोच खेकडा
शेकडा पाच-सात कमीजास्त होताना सापडला.
आधी जो तो आपलाच काटा तपासत बसला,
कोणी आरसा, कोणी तापमान.
सगळ्यांचं उत्तर एक आलं तेव्हा कळलं
की वजनच हललं.

मामा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, मापाच्या ऑफिसातलं वजन
एकदा सायबाच्या हातून फरशीवर पडलं होतं.
टवका उडाला. सायबानं तसंच कपाटात ठेवलं.
त्या दिवसापासून मामा प्रत्येक माल दोनदा तोले,
पारडी बदलून,
आणि दोन्हीच्या मधला आकडा पकडे.
"पासंग जात नसते व. तो किती हाये थे मालूम पायजे."
त्याच्या प्रत्येक तराजूच्या पारड्याखाली
खडूनं लिहिलेलं असायचं: दोन चिंचोके, डावीकडे.

फोन वाजला. त्या दिवसाचा आकडा आला होता,
अपेक्षेपेक्षा शेकडा तीन कमी.
आरसा की डिटेक्टर की खेकडा, माहीत नाही.
मी तो मामाला वाचून दाखवला.
"डावीकडं का उजवीकडं?" त्यानं विचारलं.

खाली पोरांत जुंपली होती.
विनेशची चकती सात टप्पे गेली हे सर्वांना मान्य,
आठवा टप्पा होता की नुसती लाट, यावर
दोघांनी एकमेकांची कॉलर धरली होती
आणि तिसरा, चड्डी सावरत, पाण्यात उतरून
जागा दाखवत होता.