एकच दारू

मिल्क नदी गोठली की सेल्मर गॅरेजात बसतो.
हीटर चालू, रेडिओ बंद, फोन घरात.
पन्नास भोकांचा लाकडी ठोकळा,
त्यात पन्नास पितळी पुंगळ्या
घरट्यातल्या पिलांसारख्या, तोंडं वर करून.
त्याचा नियम : टेबलावर एकच दारू.
दुसरीला संध्याकाळी पाचपर्यंत मनाई.

चाळीस वर्षांत या पुंगळ्यांतून काय काय निघालं!
हॅवरच्या लिलावात घेतलेल्या पोत्यातल्या एकीत
कुंभारीण माशीनं ओली माती भरून
तोंड लिंपून घेतलेलं.
दुसरी कारखान्यातून नवीकोरी आलेली,
तिच्या बुडाला भोकच नाही.
ती त्यानं खिडकीत ठेवलीय.
पाहुण्यांना दाखवतो : बघा, यंत्रालाही डुलकी लागते.

अडतीसच्या पुंगळीत दारू तळाशी, जेमतेम.
दुप्पट पडली तरी उतू जात नाही,
हीच तिची खोड.
म्हणून तो भरलेली काडतुसंही पुन्हा तोलतो,
सोनारानं गुंज तोलावी तसा,
श्वास रोखून, काट्यावर वारा नको म्हणून.

गेल्या जानेवारीत मी कॉफी घेऊन गेले
तर तो नुसता बसलेला.
काट्यावर एक काडतूस. जड.
मी कप ठेवला. त्यानं पाहिला नाही.
मग हातोडी घेतली आणि एकेक फोडत गेला,
ठक्, ठक्,
पन्नासच्या पन्नास,
चांगलीसुद्धा.
रात्री जेवताना विचारलं,
‘आर्डिस, दुपारी फोन आला होता का?’
मी नाही म्हटलं.
खरंच कुणाचा आला नव्हता.
त्यानं बटाटा कुस्करला, पुष्कळ वेळ.

तेव्हापासून तो भरतो
आणि मी टॉर्च घेऊन वाकते.
पन्नास छोट्या विहिरी,
प्रत्येकीच्या तळाचं पाणी सारखं आहे ना.
हे कुणी ठरवलं नाही.
मी एक दिवस टॉर्च उचलला,
तो खुर्ची थोडी सरकवून बसला.
सापडलं अजून काही नाही.
एकदा माझाच पांढरा केस निघाला,
तो म्हणाला, वजनात धरायचा का?

रविवारी रात्री मी माझ्या गोळ्या भरते,
रक्तदाबाच्या, सात खणांच्या डबीत.
परवा झाकणं लावणार
एवढ्यात त्यानं डबी ओढून घेतली.
चष्मा कपाळावर, टॉर्च हातात,
सोमवार, मंगळवार, एकेक खण
तसाच, श्वास रोखून.

गुरुवारात दोन निघाल्या.

जादा गोळी त्यानं चिमटीत धरून
बाटलीत परत टाकली, झाकण घट्ट फिरवलं,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
‘फोन आला होता का?’