पोकळ आस

शनिवारी मोसाना आली,
दोन्ही चाकं खांद्यांना अडकवून,
आणि काही न विचारता माझा चहा प्यायली.
म्हणाली, ओक्बाझ्गी, परवा नेफासितच्या वर पंक्चर झालं.
पंधराचा पाना नव्हता.
पाना मिळाला तो एका ट्रकवाल्याकडे,
तोवर सगळ्या पोरी धुक्यात शिरल्या होत्या.
मला नट नकोत आता.

मग कागदाची पुडी सोडली.
श्टुटगार्टच्या काकाने मोज्यात गुंडाळून पाठवलेले
दोन पोकळ आस, दोन खटके,
आणि चार स्प्रिंगा, शंखाएवढ्या.
कोन पाठवायचं त्याला सुचलं नव्हतं.
दूर गेलेल्या माणसाचं असंच होतं.
मुद्द्याचं सोडून सगळं पाठवतो.

मी तुंबा उघडला.
जुना भरीव आस सरकवून काढला, हातात तोलला.
वजनदार, नाकासमोर चालणारा.
छर्रे मोजले. मागच्या तुंब्यात डावीकडे नऊ,
उजवीकडे आठ.
मोसाना फरशीवर रांगत शोधत राहिली,
नववा माझ्या अंगठ्याच्या नखाखाली होता, वंगणात.

जुना कोन नव्या आसावर दीड आटा चढतो
आणि अडतो.
जोर लावला तर बसेलही,
पण एकदाच.

मेदेबरात जाऊन आलो.
तिथे पत्र्याचे डबे ठोकून चुली करतात,
लोखंड तिथे मरत नाही, नुसतं नाव बदलतं.
पण हे आटे कुणाकडे नव्हते.
कुठे आहेत ते मला सकाळपासून माहीत होतं.

मागच्या खोलीत, पोत्याखाली,
झेमरेतची सायकल.
दोन्ही रिमा वळणावरच्या कठड्याने वाकवलेल्या,
बाकी सगळं जागच्या जागी.
तो चालत गेला, रात्रीचा, पश्चिमेला.
सायकलचा आवाज होतो म्हणून.

खटक्याला हात लावला तेव्हा लक्षात आलं,
हा त्याने मिटलाय.
नऊ वर्षं इथे एवढा दाब धरून बसलाय
तो त्याच्या तळव्याचा.
मी बराच वेळ उभा राहिलो.
बाहेरून मोसाना ओरडली, सापडले का?

सापडले.

चारही कोन गुळगुळीत, एक डाग नाही.
पोरगा वंगणात कंजूष नव्हता.
मागचा आस तीन मिलीमीटर लांब निघाला,
खाचेबाहेर टोक काढून बसला.
असा राहिला तर खटका आसालाच दाबेल,
चाक धरणार नाही.
कानस घेतली. मोसानाने घासलं, मी टोक बघत राहिलो.

मग शेवटचं, जे पोरं ऐकत नाहीत.
कोन पुरता आवळू नकोस.
केसाएवढा खेळ राहू दे,
चाक किंचित डुगडुगू दे हातात.
खटका मिटला की पोकळ आस थोडा दबतो
आणि तो खेळ आपोआप संपतो.
आधीच घट्ट केलंस
तर छर्रे रडतील चढावर.

ती म्हणाली, पण आतून पोकळ, टिकेल?
मी म्हटलं, आता मीट.
काटकोनात आल्यावर जोर लागायला हवा,
तळव्यावर वळ उमटायला हवा.
तिने मिटला, मला हात दाखवला.
लाल रेघ, आडवी, आयुष्याच्या रेषेला कापून गेलेली.
पैसे विचारले.
मी म्हटलं, परतताना बेलेसची फळं आण, सोललेली,
माझ्या बोटांत आता काटे दिसत नाहीत.

संध्याकाळी दोन भरीव आस उरले.
एकाचा दाराला अडसर केला,
दुसरा खिळ्यांच्या डब्यात टाकला, तळाशी जाऊन वाजला.

मग मागच्या खोलीत गेलो.
चाकांशिवाय ती सायकल कुत्र्यासारखी
पुढच्या पायांवर बसली होती.
रिकाम्या चिमट्यात त्याचा खटका पुन्हा घातला,
स्प्रिंगांची अरुंद बाजू आत, नीट बघून,
नट दोन आटे फिरवला, पडू नये एवढाच,

आणि खटका उघडा ठेवून
पोतं ओढलं.