बाक

सातपूरच्या शाळेत पी.टी.चा तास
म्हणजे कडुलिंबाखालचं एक बाक
आणि त्यावर दाटीवाटीनं अर्धी नववी.
तबस्सुमचं पोट दुखतं.
हेमांगीचा गुडघा.
वृषालीला ऊन बाधतं,
फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी.

मी काही बोलत नाही.
चौदाव्या वर्षी माझंही असंच दुखायचं,
कुंपणापलीकडे कंपनीची शिफ्ट सुटायची तेव्हा.

काल बाक रंगवायला काढलं.
खोटं कशाला, मीच सांगितलं शिपायाला.

उभ्या उभ्या कंटाळल्या,
मग आखलेल्या चौकोनांत उकिडव्या बसल्या,
ओढण्या कमरेला गच्च,
एकमेकींकडे बघून फिदीफिदी.
तेवढ्यात पाठीत थाप पडली: खो!

हेमांगी सुटली.
गुडघ्याला मागाहून कळलं.